अध्यक्षांच्या मागे अध्यक्ष

माझे भावोजी मुळातच भित्रे. हे मी त्यांच्या पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत आले आहे आणि त्यांनीही ते कधी नाकारलेलं नाही. पाल दिसली की ते खुर्चीवर चढतात. दवाखान्यात सुई टोचायची वेळ आली की ताईचा हात धरतात. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर समोरच्या बेकरीत शिरतात आणि नको असलेला पाव घेऊन घरी येतात. ताईच्या लग्नात मी शाळेत होते. नवरदेव असा बुजलेला पाहून मी तिच्या कानात म्हटलं होतं, हा माणूस तुझ्या धाकात राहील, तू बिनघोर जा. तसंच झालं. अशा माणसाने उभा जन्म काचेच्या कामात कसा काढला, याचं मला अजून नवल वाटतं. काचेला मात्र ते घाबरत नाहीत.

भावोजी फ्रेमवाले. दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळचं. माझा नवरा गेल्यावर ताई मला घरी घेऊन आली आणि भावोजींनी दुकानाच्या पुढच्या बाजूला झेरॉक्सचं मशीन मांडून दिलं. तेव्हापासून एका भिंतीला त्यांच्या लाकडी पट्ट्या, दुसऱ्या भिंतीला माझे कागदांचे गठ्ठे आणि मधल्या जागेत आमची भांडणं, असा संसार चालला होता. भांडणं म्हणजे काय, तर मी रेडिओ मोठा करायचा आणि त्यांनी तो लहान करायचा.

फ्रेमवाल्याला लोक थेट आतल्या खोलीपर्यंत नेतात, कारण भिंत तिथे असते. त्यामुळे गावात कोणाच्या घरी कोण टांगलेलं आहे, हे भावोजींना ठाऊक. संध्याकाळी जेवताना ते सगळं बाहेर यायचं. कोणी सासूचा फोटो बैठकीतून काढून जिन्याखाली लावला, कोणी लग्नाच्या फोटोतला एक भाऊ कात्रीने उडवून मग फ्रेम करायला दिला. ताई हसून हसून पाणी मागायची. मी म्हणायची, भावोजी, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. ते म्हणायचे, घरातच तर सांगतोय.

सरकारी कामही त्यांच्याकडेच होतं. आमच्याकडे देशाचा अध्यक्ष बदलला की राजधानीहून नव्या अध्यक्षांचे फोटो पातळ कागदावर, गुंडाळी करून येतात. कचेरीत, टपालात, शाळेत, दवाखान्यात ते लागायला हवेत. फ्रेम मात्र जुनीच वापरायची. भावोजींच्या वडिलांनी एक पद्धत पाडून दिली होती, ती म्हणजे जुना फोटो काढायचाच नाही. तो फ्रेमच्या मापाचा असतो, पुठ्ठ्यावर ताणून बसवलेला असतो, काचेमागे राहून राहून सपाट झालेला असतो. त्याच्यावरच नवा पसरायचा, कडा मागे दुमडून चिकटवायच्या, पाठीला फळी लावायची आणि बारीक खिळे मारायचे. नवा फोटो कसा ताठ बसतो. सुरकुती नाही, फुगवटा नाही. असं करत करत गावातल्या प्रत्येक अध्यक्षाच्या मागे आधीचा अध्यक्ष होता आणि त्याच्या मागे त्याच्याही आधीचा. आम्हा तिघांना हे माहीत होतं आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. "सगळे एकमेकांच्या पाठीशी उभे आहेत," असं भावोजी म्हणायचे.

या वेळचे नवे अध्यक्ष आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. शपथविधीच्या आधी सगळ्या फ्रेमा उतरवल्या, नवा चेहरा वर चढवला आणि पुन्हा टांगल्या. हात सवयीने चालले. या वेळी गोष्ट वेगळी आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, मी कशाला शहाणपणा सांगू.

वेगळी होती हे शपथेच्या दिवशीच दिसायला हवं होतं. चौकात कर्णा लावला होता. बेकरीवाल्याने दुकानाला पताका लावल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात गरम पाव ठेवत होता. आता बघा कसे सुतासारखे सरळ होतात सगळे, असं प्रत्येकाला सांगत होता. त्याच्या शेजारच्या औषधवाल्याने अर्धं शटर ओढून घेतलं होतं आणि आत माल मोजतोय असं म्हणत होता. मी डोकावले तर तो नुसता स्टुलावर बसला होता. माझ्याकडे झेरॉक्सला आलेल्या एका बाईने हळूच विचारलं, पासपोर्टची प्रत किती दिवस चालते. तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाने तिच्याकडे असं पाहिलं की ती प्रत न घेताच निघून गेली. एरवी एवढी गर्दी जमली की आमचा चौक नुसता कलकलतो. त्या दिवशी घोषणा जोरात होत होत्या, पण दोन घोषणांच्या मध्ये लोक एकमेकांकडे बघून घेत होते.

मग काही दिवसांनी कर्ण्यावरून हुकूम आला. मावळत्या अध्यक्षांनी देशाशी दगा केला, असं आता ठरलं होतं. त्यांचा प्रत्येक फोटो मैदानावर उभ्या राहणाऱ्या सरकारी गाडीत जमा करायचा. ज्या कचेरीचा फोटो येणार नाही तिच्या प्रमुखाला जाब विचारला जाईल. आणि जो कोणी फोटो दडवून ठेवेल तो शत्रूचा माणूस.

भावोजी तेव्हा काच कापत होते. रेघ वाकडी गेली. इतक्या वर्षांत मी त्यांची रेघ वाकडी गेलेली पाहिली नव्हती. त्यांनी हत्यार खाली ठेवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि पट्ट्यांच्या ढिगावर बसले. मी मागोमाग गेले. ताई डबा घेऊन आली होती, तीही आली.

"सगळे आतच आहेत," ते म्हणाले.

"कोण आत आहेत?" ताईने विचारलं.

"जुने. सगळ्या फ्रेमांत. दडवलेत म्हणतील. मीच दडवलेत म्हणतील."

मला क्षणभर हसू आलं होतं, ते तिथेच विरलं. कारण ते खरं होतं. शाळेला विचारलं तर शाळा म्हणणार, फ्रेमवाल्याला विचारा. टपालवाले तेच म्हणणार. सगळी बोटं आमच्या दुकानाकडे वळणार आणि फ्रेम उघडली की नव्याच्या पाठीमागे जुना उभा. याला पद्धत म्हणतात, वडिलांपासून चालत आली आहे, हे कोण ऐकून घेणार होतं?

"मग जा आणि काढून आणा," ताई म्हणाली.

"जुना काढायचा तर नवा उतरवावा लागतो, गं. या दिवसांत नवा उतरवताना कोणी पाहिलं तर?"

पलीकडच्या गावात एका शिपायाच्या हातून झाडताना नवा फोटो पडला आणि त्याला घेऊन गेले, असं बेकरीवाला कौतुकाने सांगत होता. खरं-खोटं देव जाणे. पण भावोजींचे ओठ सुकले होते आणि मी त्यांना भित्रे म्हटलं नाही.

शेवटी मीच तोड काढली. ओल धरली आहे, म्हणायचं. नव्या कागदाला ओल लागते, अध्यक्षांच्या चेहऱ्यावर डाग पडायला नको, म्हणून नवा पुठ्ठा घालायला आलो आहोत. कोण नाही म्हणेल? पण भावोजींना खोटं बोलताना त-त-प-प होतं, म्हणून मी सोबत जायचं ठरलं. माझ्या खांद्याला मोठी पिशवी, त्यांच्या हातात पक्कड आणि नवे पुठ्ठे.

टपालात सोपं गेलं. पोस्टमास्तर नव्या अध्यक्षांचे भक्त. ओलीचं नाव काढताच त्यांनी टेबल रिकामं केलं, स्वतःचा स्वच्छ टॉवेल अंथरला आणि फोटो त्यावर निजवताना भावोजींना सारखं बजावलं, "जपून हं, जपून." मग काउंटरवर कोणी हाक मारली म्हणून ते वळले, तेवढ्यात मी आतला गठ्ठा ओढून पिशवीत सारला. दवाखान्यात नर्सने विचारलंसुद्धा नाही. ती म्हणाली, उतरवलाच आहे तर तसाच राहू द्या की, आणि मग स्वतःच दचकली आणि म्हणाली, गंमत केली हो. आम्ही दोघं हसलो. आम्हाला हसू आलं नव्हतं.

शाळेत मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, मलाही. त्यांना ओलीची थाप मारायला माझी जीभ वळेना. त्यांनी खोलीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "खरं काय ते सांगा." भावोजींनी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. जुना फोटो बाहेर आला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"हा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण याच्या वेळी मी वर्गात बोलताना दाराकडे बघत नव्हते." मग टेबलावर पडलेल्या नव्याकडे मान करून म्हणाल्या, "आणि हा फार दिवस टिकायचा नाही. अशी माणसं स्वतःच्याच ओझ्याने खाली येतात."

भावोजी फळी बसवत होते. त्यांचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "बाईंनी असं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "आपण कुठे ऐकलं?"

काढलेले जुने फोटो आम्ही, दुकानात पडून होते असं सांगून, ज्याचे त्याच्या हवाली केले. मैदानावर गाडी आली तेव्हा त्या त्या कचेरीचे फोटो त्या त्या कचेरीच्या माणसांनी आणून टाकले. बेकरीवाला प्रत्येक फोटोला टाळ्या वाजवत होता. औषधवाल्यानेही घरातला एक आणून टाकला, पण टाकताना पालथा टाकला आणि मागे वळून पाहिलं नाही. भावोजी ताईच्या आड उभे होते. एकच फोटो यायचा राहिला होता, तो कचेरीचा. नव्या साहेबांच्या खुर्चीमागचा.

हे साहेब नव्या अध्यक्षांबरोबरच बदलून आले होते. तरुण, कपड्यांची घडी न मोडणारे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. आवाज कधी चढवायचे नाहीत. आमच्या आधीच्या साहेबांचा आरडाओरडा चौकापर्यंत ऐकू यायचा आणि त्यांना कोणी भीत नव्हतं. या साहेबांसमोर लोक उभे राहिले की आपोआप हात बांधायचे. आम्ही जायच्या आधीच त्यांचा शिपाई दुकानात आला. फ्रेमवाल्यांना बोलावलंय, एकट्यांना.

मी तरी गेलेच. मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. आतून खिळे उपसल्याचा आवाज आला, तो ओळखीचा होता. मग काहीच आवाज आला नाही. मी पिशवी मांडीवर धरून बसले आणि भावोजी आता हातकड्या घालून बाहेर येणार, हे माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ दिसत होतं की ताईला काय सांगायचं याची वाक्यंही मी जुळवली. मला रडायला येत होतं आणि शिपाई माझ्याकडे बघत होता म्हणून रडता येत नव्हतं. मग पुन्हा खिळे ठोकल्याचा आवाज आला. दार उघडलं. भावोजी मोकळ्या हातांनी बाहेर आले आणि साहेब त्यांना सोडायला दारापर्यंत आले. "या बरं का अधूनमधून," ते म्हणाले.

घरी आल्यावर ताईने पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं.

"साहेबांना आधीच संशय होता," ते म्हणाले. "सगळ्या ठिकाणचे ओले पुठ्ठे एकदमच कसे निघाले, असं विचारलं. मग म्हणाले, माझ्यासमोर उघडा. उघडलं. जुना पाहिला, त्याच्याखालचाही पाहिला. हसले. चांगली पद्धत आहे म्हणाले. परत आहे तसाच बसवा."

"तसाच?" मी विचारलं. "जुन्यासकट?"

"जुन्यासकट. जमा करायची जबाबदारी त्यांचीच, यादीवर खूण करायला कोण येतंय. मग मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, तुम्ही सगळीकडे जाता, अगदी आतल्या खोलीपर्यंत. लोक तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलतात. येत जा, दोन गोष्टी सांगत जा."

"आणि नाही गेलात तर?" ताईने विचारलं.

"त्यांनी नुसतं भिंतीकडे पाहिलं."

आम्हाला कळलं. फोटो त्यांच्या भिंतीवर होता, पण तो आत कोणी घातला हे त्यांना माहीत होतं आणि हवा तेव्हा तो त्यांना सापडणार होता. मला त्या साहेबाचा असा संताप आला की मी काहीबाही बोलले. मग बोलता बोलता माझं मलाच खिडकीकडे लक्ष गेलं आणि मी आवाज उतरवला.

त्यानंतर शिपाई आला की भावोजी जायचे. परत आले की मी विचारायची, काय सांगितलंत? काय सांगणार, ते म्हणायचे, पट्टीचं लाकूड, काचेचे भाव, कोणाच्या भिंतीला पोपडे आलेत. साहेब ऐकून घेतात, चहा देतात. सुरुवातीला मी चिडवलंही, चहाला जातात वाटतं. नंतर चिडवणं सुटलं. गिऱ्हाईक आलं की भावोजी त्याला बाहेरच माप विचारायला लागले. घरी या, भिंत दाखवतो, असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, पायाला बरं नाही, तुम्हीच सांगा. काही गिऱ्हाइकं दुखावली. काहींना वाटलं, भावोजी कचेरीत जातात म्हणजे वजन वाढलं, तीच आता त्यांच्याशी वाकून बोलायला लागली. बेकरीवाल्याने तर एक दिवस हातात पाव ठेवून म्हटलं, आपलेच आहात की. भावोजींनी तो पाव दुकानात आणून ठेवला आणि कोणीच खाल्ला नाही.

मग एका सकाळी शाळेचा शिपाई प्रती काढायला आला. नव्या मुख्याध्यापकांच्या सहीचे कागद होते. मी विचारलं, मोठ्या बाई रजेवर आहेत का? त्याने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "कचेरीतून गाडी आली होती. त्यांचं सामान त्यांच्या भाच्याने नेलं." याहून जास्त त्याला ठाऊक नव्हतं, किंवा असेल तर तो बोलला नाही. माझ्या मशीनचं झाकण उघडंच राहिलं आणि कोरा कागद काळा होऊन बाहेर आला.

दिवसभर मी स्वतःची समजूत घालत होते. बाई काय एकाच ठिकाणी बोलल्या असतील? वर्गात बोलल्या असतील, बाजारात बोलल्या असतील, त्यांची जीभ कधी कोणाला भ्याली? दार बंद होतं, आम्ही तिघंच होतो, हे पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि मी ते पुन्हा पुन्हा बाजूला सारत होते.

संध्याकाळी ताईने पानं वाढली. भावोजी हात धुऊन बसले, घास घेतला आणि तसाच धरून राहिले.

"मोठ्या बाईंचं कळलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.

"मी काही बोललो नव्हतो, गं. शपथेवर सांगतो. काचेबद्दल बोलायचो, लाकडाबद्दल बोलायचो."

वेडे का भावोजी, हे सांगायला लागतं का, असं मी म्हणायला हवं होतं. माझ्या नवऱ्यामागे मला ज्याने घर दिलं तो माणूस समोर बसला होता. शब्द जिभेवर होते. ते बाहेर आलेही, पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवल्यावर आले.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावोजी भित्रे आहेत, पण खुळे नाहीत. मला किती उशीर झाला ते त्यांना कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खाली बघत विचारलं, "तू तरी मशीनपाशी कोणाजवळ... एखादा शब्द...?"

"नाही," मी म्हटलं. "कोणाजवळ नाही."

त्यांनी मान हलवली. पण लगेच नाही हलवली.

ताई वाढायचा चमचा हातात धरून उभी होती. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहानपणी मला तापात मांडीवर घेऊन बसायची ती ताई.

"आता तुम्ही दोघांनी माझ्यासमोर काही बोलू नका," ती म्हणाली. "बाई काय बोलल्या, कोणासमोर बोलल्या, मला काही कळायला नको. उद्या मलाही कोणी चहाला बोलावलं, तर मला खरंच माहीत नसावं."

मग तिने भाजी वाढली आणि आपलं ताट घेऊन आत स्वयंपाकघरात जेवायला बसली.